भिंतीलगतची हळद

या वेळी तीन पत्रं निवडली आहेत. दोन छोटी, एक मोठं. मोठ्या पत्रापायी मला ठाण्याहून बेलापूरला जाऊन यावं लागलं, त्यामुळे बरीचशी जागा त्यानेच खाल्ली. बाकीच्या दोघांनी राग मानू नये.

प्रश्न : नौपाड्यात माझं भेटवस्तूंचं दुकान आहे. घडवलेले दगड, रुद्राक्ष, लाकडी शोभेच्या वस्तू ठेवतो. मागच्या आठवड्यात एक गृहस्थ हातात दोन सळया घेऊन आले. एका दगडापाशी सळया फाकल्या. ‘याची ऊर्जा अकरा हजार बोविस आहे, तसं कार्ड लावा, दुप्पट किंमत येईल,’ म्हणाले. लावू का?

उत्तर : नका लावू. त्या सळया मुठीत सैल धरलेल्या असतात. मनगट केसभर कललं तरी पुढची टोकं वीतभर फिरतात, आणि आपणच ती फिरवली हे धरणाऱ्यालाही कळत नाही. प्लँचेटची वाटी अशीच सरकते. माणूस लबाडच असतो असं नाही, पुष्कळदा त्याचा स्वतःचाही विश्वास असतो. पण बोविस हे एकक पदार्थविज्ञानात नाही. तिथे ऊर्जा ज्यूलमध्ये मोजतात. ते गृहस्थ पुन्हा आले तर पाच सारखी खोकी घ्या, एकात तो दगड ठेवा, नोकराला त्यांच्यामागे खोक्यांची अदलाबदल करू द्या आणि मग सळया फिरवायला सांगा. चहा मात्र आधी पाजा, नंतर ते थांबायचे नाहीत.

प्रश्न : आम्ही सीबीडी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये राहतो. मुलगी फाइन आर्टच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने आमची अंगणाकडची खोली मागून घेतली, भिंतींना स्वतः चुना मारला, जमीन शेणाने सारवली आणि त्यावर हळद, तांदूळ, तांबडी माती, ओढ्यातले खडे, वाळ्याचे पडदे असं इन्स्टॉलेशन, म्हणजे खोलीभर पसरलेली कलाकृती, मांडलं. विषय ‘आध्यात्मिक ऊर्जा’. दहा-बारा दिवसांनी भिंतीलगतची हळद आपोआप लाल झाली. कुंकवाची रेघ ओढावी तशी. सासूबाईंनी हात जोडले. आता चौकातल्या बायका ओटी भरायला येतात. यजमान म्हणतात, चार किलो हळद आणि पाच किलो तांदूळ वाया घालवले. मुलगी सगळ्यांवरच चिडली आहे. अशी ऊर्जा खरंच असते का? आणि मी कोणाची बाजू घ्यायची?

उत्तर : याचं उत्तर मी घरबसल्या चार ओळींत देऊ शकले असते. हळद कशाने लाल झाली हे पत्र संपायच्या आतच माझ्या लक्षात आलं होतं. पण ती रेघ बघायचा मोह आवरला नाही, म्हणून तुम्हाला फोन केला आणि गौरी-गणपती आटोपल्यावर एका दुपारी पनवेल गाडीत बसून आले. छत्री गाडीतच राहिली, ते सोडा.

आर्टिस्ट व्हिलेज मी पूर्वी पाहिलं होतं, तेव्हा ते नवं होतं. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात ते आखलं: सात-सात घरं, मधे आठ मीटर बाय आठ मीटरचा चौक, प्रत्येक घर सुटं, म्हणजे पुढे ज्याला जसं जमेल तसं त्याने वाढवावं. लोकांनी इतकं वाढवलं की जुनी उतरती कौलं आता शोधावी लागतात. तुमच्या चौकात दोन तरी शिल्लक आहेत. आणि एक गोष्ट अजून कोरियांच्या मनासारखीच चालू आहे: एका घराचं दार उघडलं की सातही घरांना कळतं. तिथे हळद लाल झाली तर ओटी येणारच. टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर हेच झालं असतं तर कोणाला पत्ताही लागला नसता.

आता खोलीबद्दल. आत पाऊल टाकलं आणि पहिली गोष्ट जाणवली ती शांतता. तुम्हीही पत्रात पुढे लिहिलं होतंत की ‘आत गेलं की एकदम वेगळं वाटतं.’ वाटतंच. बाहेर रिक्षा, प्रेशर कुकर, कोणाचा तरी टीव्ही. आत त्यातलं निम्मंच पोचतं, कारण जाड वाळ्याचे पडदे आणि मातीचे ढीग आवाज पितात. ओल्या वाळ्यातून येणारा वारा थंड असतो, उन्हाळ्यात आपण खिडकीला ताटी लावतो ती त्यासाठीच. ओल्या मातीचा वास आपल्या नाकाला फार लांबून कळतो. तो मातीतल्या सूक्ष्मजीवांनी तयार केलेल्या द्रव्याचा, जिओस्मिनचा वास. त्याचा कणभर अंश हवेत असला तरी माणसाला पुरतो. त्यात चपला बाहेर काढायला लावलेल्या, उजेड मंद. मोजायचं यंत्र आणलंत तर त्यावर काही उमटणार नाही. पण माझे खांदे खाली आले, श्वास लांबला, हेही खोटं नाही. तुमच्या मुलीने हे सगळं जाणून केलं असेल तर ती तयारीची आहे. न जाणता केलं असेल तर आणखीच उत्तम.

सारवण मात्र कच्चं आहे. खिडकीखाली भेगा पडल्यात, भाकरी करपल्यावर पापुद्रे सुटतात तसे. विचारलं तर म्हणाली, एकाच हाताने जाड थर दिला. असं करायचं नसतं. शेण ताजं हवं, त्यात गाळलेली माती आणि थोडा कोंडा, पातळ भिजवायचं, आणि एक हात वाळल्यावर दुसरा. तळव्याने अर्धवर्तुळं काढत मागे मागे सरकायचं, शेवटी दारातून बाहेर. तिने दारातून आत सारवत नेलं आणि कोपऱ्यात अडकून बसली, हे सांगताना तिलाच हसू आलं. उत्तरेकडच्या कोपऱ्यात पांढरी लव आली आहे ती बुरशी. पावसाळ्यात शेण वाळत नाही, तेव्हा ती येणारच. पण सासूबाईंना दम्याचा त्रास आहे असं तुम्ही म्हणालात, त्यांना त्या कोपऱ्यात बसू देऊ नका आणि दोन्ही खिडक्या दिवसभर उघड्या ठेवा. बुरशीची लाज वाटायचं कारण नाही. न्यूयॉर्कमध्ये वूस्टर स्ट्रीटवरच्या एका इमारतीत वॉल्टर डी मारिया या शिल्पकाराने १९७७ साली एक अख्खा मजला मातीने भरला, बावीस इंच खोल. ती माती अजून तिथे आहे. तिला पाणी घालतात, दाताळं फिरवतात, आणि मधूनच अळंबी उगवली तर उपटून टाकतात.

माझंही एकदा हसं झालंय. शाळेत चित्रकला शिकवत असताना मुलांना घेऊन ठाण्यातल्या एका हॉलमध्ये मातीचं मोठं वर्तुळ केलं होतं, घट बसवतो तसं. सात धान्यं पेरली. चौथ्या दिवशी कोंब फुटले, पोरं नाचली. पाचव्या दिवशी सकाळी जाऊन बघते तर सफाईवाल्याने कर्तव्यबुद्धीने सगळ्यावर फिनेलचा पोछा मारलेला. कोंब आडवे. व्यवस्थापक मलाच म्हणाले, ‘बाई, घाण ठेवायची तर सांगून ठेवायची ना.’ एक मुलगी रडली. मीही घरी जाऊन रडले, पण ते पोरांना सांगितलं नाही.

तर हळद. रेघ सुरेख आहे. दोन बोटं रुंद, वीटकरी लाल, आणि जिथे भिंतीला ओल आली आहे तिथे ती पसरून तळहाताएवढी झाली आहे. पलीकडच्या कोरड्या भिंतीशी हळद पिवळीच राहिली, हे कोणाच्या लक्षात आलं नाही का? ओल आहे तिथेच लाल. हळदीतलं पिवळं द्रव्य क्षाराशी गाठ पडली की लाल होतं. चुना हा क्षार. भिंतीचा चुना ताजा, पावसाची ओल त्यातून पाझरली, आणि खाली हळद वाटच बघत होती. पाय मुरगळला की आपण हळद-चुन्याचा लेप लावतो, तो लालच होतो ना, तसंच हे.

मी तुमच्याकडे अर्धं लिंबू मागितलं ते सरबतासाठी नव्हतं. तुम्ही चहा ठेवायला आत गेलात, तेव्हा मी बशीत त्या लाल हळदीची चिमूट घेतली आणि वर लिंबू पिळलं. जराशी फसफसली आणि पिवळी झाली. मुलगी ‘ओह’ म्हणाली आणि तिचा चेहरा पडला. सासूबाई दारात स्टुलावर बसल्या होत्या. त्यांच्या श्रद्धेला आपण धक्का दिला म्हणून मी ओशाळले. तर त्या म्हणाल्या,

‘अहो बाई, मला काय हळद-चुना ठाऊक नाही होय? चार पोरांचे पाय चोळलेत मी.’

‘मग हात का जोडलेत?’ मी विचारलं.

‘रांगोळी आपणच काढतो. म्हणून तिच्यावर पाय देतो का?’

मला पुढे बोलताच आलं नाही. तेवढ्यात तुम्ही चहा घेऊन आलात आणि विषय पावसाकडे गेला. हे छापू का, असं निघताना त्यांना हळूच विचारलं. ‘छापा, पण नाव नको,’ म्हणाल्या. तेव्हा तुम्हाला हे इथेच कळतंय.

तुमच्या मुलीचा राग मला समजतो. तिला वाटतं, तिची कलाकृती बायकांनी देवघर करून टाकली. पण हळद, शेण आणि खडे घेऊन कोणी महाराष्ट्रात काही मांडेल आणि लोक ते नुसतं ‘बघतील’, अशी अपेक्षाच चुकीची आहे. माझ्या माहेरी खड्यांच्या गौरी. पाण्याच्या काठावरून सात खडे उचलायचे, तोंडात पाण्याची चूळ धरून, न बोलता, मागे न बघता घरी आणायचे. आजी ठाण्यातल्या मासुंदा तलावाच्या काठावरून आणायची; आता तिथे तलावपाळीला आइस्क्रीमच्या गाड्या लागतात. वाटेत कोणी हाक मारली तरी ती उत्तर द्यायची नाही, आणि आम्ही पोरं मुद्दाम हाका मारायचो. दुसऱ्या दिवशी त्या खड्यांना घावन-घाटल्याचा नैवेद्य, तिसऱ्या दिवशी ते परत पाण्यात. त्या दोन दिवसांत ते खडे कोण होते, असा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. घटाचंही तेच. माती, धान्य, पाणी, दिवा. नऊ दिवस पाणी शिंपडायचं आणि दसऱ्याला ते फिकट कोंब टोपीत खोवायचे. कॉलेजात इन्स्टॉलेशन म्हणून जे शिकवतात त्यातलं काय त्यात नाही?

तिच्या सरांनी तिला वोल्फगांग लाइब या जर्मन कलावंताचं नाव सांगितलं आहे, ते योग्यच. पण तिने त्याच्या मांडणीचे फोटो पाहिले, त्याचा दिवस कसा जातो ते पाहिलं नाही. हा माणूस शिकून डॉक्टर झाला आणि मग दवाखाना न थाटता कलेकडे वळला. १९७५ मध्ये त्याने पहिला ‘दुधाचा दगड’ केला. पांढऱ्या संगमरवराची लादी, वरचा भाग घासून अगदी किंचित खोल केलेला, त्यात काठोकाठ दूध. लांबून दगडच वाटतो. दूध नासतं, म्हणून ते रोज काढायचं, दगड पुसायचा, नवं ओतायचं. संग्रहालयात ठेवला तर तिथल्या माणसांनाही हे करावं लागतं. देवाला रोज अंघोळ घालणाऱ्या घरात याचं नवल कोणाला वाटेल? वसंतात तो गावाजवळच्या रानात हिंडून झाडांचे परागकण हाताने गोळा करतो, एकेका मोसमात एखाद-दोन बरण्या. २०१३ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्याने ते जमिनीवर चाळले: सुमारे अठरा बाय एकवीस फुटांचा पिवळाजर्द चौकोन. वर्षानुवर्षांची वेचणी. आणि नाव काय दिलं? ‘हेझलनटचे परागकण’. बस. प्रदर्शन संपलं की ते परत बरणीत भरतो.

आपल्याकडचीही नावं तिच्या कानावर घाला. शीला गौडा यांनी नव्वदच्या दशकात कॅनव्हासवरचं रंगकाम सोडून शेण हाताळायला घेतलं. पुढे सुयांतून ओवलेल्या लांबच लांब दोऱ्यांना डिंकातून कुंकू लावलं. ते दोरखंड बघताना कुंकवाचा रंग मंगल वाटत नाही, जखमेसारखा वाटतो. मुंबईत जन्मलेले अनीश कपूर १९७९ साली भारतात येऊन गेले आणि नंतर त्यांनी कोरड्या रंगाचे ढीग मांडले. देवळाबाहेरच्या हळदीकुंकवाच्या राशी ज्याने पाहिल्यात त्याला ते ढीग परके वाटायचे नाहीत. दोघांनीही हे आपल्या रोजच्यातलंच उचललं, पण कोणी ‘वैश्विक कंपनं’ असा बोर्ड लावला नाही.

यावरून आठवलं, मुलीने खोलीपाशी लावलेला तो बोर्ड काढायला सांगा. मी तो दोनदा वाचला. चौदा ओळी. त्यात चक्रं आहेत, क्वांटम आहे, ‘उच्च स्पंदनं’ आहेत, आणि हळद हा शब्द एकदाही नाही. अशा बोर्डामुळेच सळयावाले गृहस्थ येतात (वरचं पत्र वाचा). त्याऐवजी वाण्याची यादी असते तशी यादी लावा: शेण, तांबडी माती, हळद चार किलो, तांदूळ पाच किलो, वाळा, ओढ्यातले एकवीस खडे, चुना. चुना लिहायला विसरायचं नाही. ज्याला कळायचं त्याला तेवढ्यात कळेल, आणि ज्या बाईला ते वाचूनही ओटी भरायची असेल तिला अडवायचं आपल्याला कारण नाही. उंबऱ्याबाहेर एक पाट मांडून ठेवा, नारळ तिथे. आत, हळदीवर, काही ठेवायचं नाही, हे मुलीने गोड बोलून सांगावं. ती परवा ज्या सुरात बोलली तसं नको. कोपऱ्यातल्या त्या छोट्या स्पीकरवर ओंकार लावलाय तो बंद करा. खोली एवढ्या कष्टाने शांत केली आहे.

यजमानांचं म्हणणं तुम्ही हसण्यावारी नेलंत, मला ते तसं नेता येत नाही. आमच्या पिढीने रेशनच्या रांगेत उभं राहून तांदूळ आणला आहे. पुढच्या वेळी वाण्याकडून कणी आणा, निम्म्या पैशांत दिसायला तेवढीच पांढरी. आताचा तांदूळ ओल लागून किडायच्या आत उचला आणि पाखरांना घाला, मात्र हळद लागलेला वेगळा काढा. शेण-माती झाडांना जाईल. हळद चाळून बरणीत ठेवा. स्वयंपाकात ती चालायची नाही, तरी दाराशी मुंग्यांच्या रांगेवर टाकायला वर्षभर पुरेल. खडे मुलीने जिथून आणले तिथेच नेऊन ठेवायचे. पारसिकच्या डोंगराचे आधीच पुरते लचके तोडून झालेत, एकवीस खडे तरी परत जाऊ देत.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. मला विचाराल तर मुलीला रोज संध्याकाळी तासभर त्या खोलीत बसायला सांगा. मोबाइल बाहेर. वाळ्यावर पाणी मारायचं, भेगा बुजवायच्या, बुरशी खरवडायची, आठ दिवसांनी नवा हात द्यायचा. महिनाभर केलं की ऊर्जेबद्दल तिला काय म्हणायचंय ते तिचं तिला कळेल, आणि ते चौदा ओळींचं नसेल. सारवणाला तिच्या आजीला सोबत घेता आलं तर बघा. हात कसा फिरवायचा हे मी तोंडी सांगितलं, पण मी बोलत असताना सासूबाई स्टुलावर बसल्या बसल्या मांडीवर बोटं फिरवत होत्या. अगदी बरोबर, उजवीकडून डावीकडे.

प्रश्न : वर्तकनगरहून लिहितो. मुलाने शाळेच्या प्रकल्पासाठी शेण-गेरू लावलेल्या पुठ्ठ्यावर वारली चित्र काढलं. पांढरा रंग वाळला की पावडर होऊन गळतो. काय करावं?

उत्तर : बाजारचा पोस्टर कलर दिसतोय, किंवा नुसतं पिठाचं पाणी. तांदळाचं पीठ अगदी बारीक वाटा, पाण्यात कालवा आणि त्यात डिंकाचं पाणी घाला. वारली पाड्यांवर हेच वापरतात. ब्रशऐवजी बांबूची काडी घ्या, टोक चावून धागे मोकळे करा. मुलाला हा भाग फार आवडेल. खालचा थर पुरता वाळल्याशिवाय रेघ ओढू नका, या हवेत दोन दिवस सहज लागतील. आणि लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचं चौकोनी चित्र, काढणार असाल तर वारल्यांमध्ये तो सवाष्णी काढतात आणि मधे पालघट देवी असते, एवढं त्याला सांगून ठेवा. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्यामुळे ही चित्रं भिंतीवरून कागदावर आली आणि जगभर गेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, हे प्रकल्पात लिहिलं तर बाई दोन गुण जास्त देतील. पीठ रोज नवं कालवा. कालचं आंबतं, आणि मग चित्रावर मुंग्या चढतात.